वरची ओळ मराठीतच

संगणकानं एक वाक्य वाचलं आणि मग एकच घोकंपट्टी लावली. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. हसून डोळ्यांत पाणी आलेला चेहरा. पुन्हा तेच. इंग्रजीत, सपाट आवाजात, स्टँडवर गाडीची घोषणा करावी तसं.

शेजारी आबा लोकर पिंजत बसले होते. म्हणाले, "एकच सबूद किती बारी म्हनतंय रं त्ये?"

"बिघडलंय, आबा."

बिघडलं नव्हतं. माझ्यावर हसणाऱ्यांची ती हजेरी चालली होती. लोक हसायला चेहऱ्याचं चिन्ह टाकतात, त्या चिन्हाचं नाव संगणक वाचतो; एकेक चेहरा म्हणजे एकेक माणूस. मला जन्मापासून दिसत नाही. संगणकावरचा मजकूर एक प्रोग्रॅम मला वाचून दाखवतो. तो फुकट मिळतो. जगभरातली माणसं मिळून तो बनवतात आणि अडलं-नडलं विचारायला इंटरनेटवर त्यांचा एक मदतगट आहे. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, मी ती घेतली, आणि मराठीचा आवाज गेला. इंग्रजी खडखडीत. मराठी ओळीवर गेलं की नुसती शांतता. जुनी आवृत्ती परत घालून पाहिली, ती बसेना.

कळंबच्या एका कार्यालयात मी आलेल्या अर्जांना उत्तरं तयार करतो. सगळं काम मराठीत. साहेब काही वाईट बोलले नाहीत. "तुमचं ते सुरू झालं की सांगा, तोवर बसा निवांत," म्हणाले. माझे अर्ज दुसऱ्या टेबलावर गेले आणि मी दाराजवळच्या खुर्चीवर. नोकरी लागायच्या आधी जिथं जाईन तिथं लोक मला अशाच दाराजवळच्या खुर्चीवर बसवायचे. तिथून उठायला मला किती वर्षं लागली ते माझं मला ठाऊक. निवांत हा शब्द मला त्या दिवशी शिवीसारखा लागला.

म्हणून मी गटावर इंग्रजीत लिहिलं. अंधशाळेत पत्र लिहायला शिकवलं होतं, तसं. आदरणीय सर, आपण व आपले कुटुंबीय सुखरूप असतील अशी आशा करतो. मी येरमाळ्याजवळच्या गावचा. माझे वडील मेंढरं राखतात. मी अंध आहे. आणि मग अडचण. आमच्याकडं कुणाच्या दारात गेलं की आधी आपण कोण, कुठले, कुणाचे ते सांगतात. आंधळ्याला तर सांगावंच लागतं. आपण सांगितलं की समोरचाही सांगतो, आणि आपण कुणाशी बोलतोय ते कळतं.

पहिलं उत्तर आलं, "हा प्रश्न आहे की लग्नाचं स्थळ?" त्याच्याखाली ते सगळे चेहरे. दुसऱ्यानं लिहिलं, "मेंढ्यांना विचारून बघ." तिसऱ्यानं नियम दाखवला. नमस्कार-चमत्कार नकोत, मुद्द्याचं लिहा. त्या गटावर निम्मेअधिक लोक माझ्यासारखेच, न दिसणारे. ते मला जास्त लागलं. डोळस माणसं हसली असती तर सवयीनं झटकून टाकलं असतं.

दुपारनंतर एक खाजगी निरोप आला. पाठवणाऱ्याचं नाव इंग्रजी अक्षरांत होतं, ते संगणकानं वाचलं. नाव मराठी. गटातलं जुनं, वजनदार नाव, राहायला परदेशात. खाली निरोपावर गेलो तर शांतता. बाणाची कळ दाबून पुढच्या ओळीवर गेलो, शांतता. म्हणजे मजकूर मराठीत होता. मला एवढं बरं वाटलं की बस. आपला माणूस भेटला. आता रस्ता सापडणार. मी धाकट्या बहिणीला, सविताला, हाक मारली.

ती वाचायला लागली. "नमस्कार. तुम्ही नवीन दिसता म्हणून सांगतो. इथे जगभरातले लोक असतात. अशा इंग्रजीने..." ती थांबली.

"वाच."

"न्हाय दादा, काय कामाचं न्हाय."

"सविता, वाच."

तिनं वाचलं. "अशा इंग्रजीने आणि मेंढ्यांच्या गोष्टींनी आपल्या सगळ्यांचंच हसं होतं. पुढच्या वेळी प्रश्न कुणाकडून तरी नीट लिहून घ्या. राग मानू नका."

संपलं. मराठीचा आवाज का गेला, याबद्दल एक अक्षर नाही. आणि माझ्या भाषेतलं हे बोलणं मला ऐकवायला माझ्या बहिणीला तोंड विटाळावं लागलं. माझे कान तापले. रडू आलं नाही. राग आला, आणि तो राग मी मानला.

आबांनी लोकर बाजूला ठेवली. "मेंढरांचं काय लिवलंय त्यानं?"

"मेंढरांचं नाव काढू नगा म्हनतोय."

"मंग काय सांगावं मान्सानं? कुनाचा कोन ते सांगाया नगं?" मग ते हळू म्हणाले, "जाऊ दे. चुकलं मालक म्हनावं आन आपलं काम काढून घ्यावं."

त्यांचा आवाज बारीक झाला होता. तो बारीक आवाज मी ओळखतो. लहान होतो, आबांचा हात धरून कळपामागं चालायचो. एका मोठ्या शेतकऱ्याच्या पडीक रानात आमची मेंढरं बसली होती. ज्वारी खाल्ली त्याच्याच जनावरांनी, नाव आलं आमच्या मेंढरांवर. आबा म्हणाले, चुकलं मालक. ओसरीवर त्याचे शहरातले पाहुणे बसले होते. त्यातला एक हसत म्हणाला, "परत म्हण रे, कसं म्हणतोस?" आबांनी परत म्हटलं. पाहुण्यांनी तिसऱ्यांदाही म्हणवून घेतलं. माझ्या हातातला त्यांचा हात घामानं ओला झाला होता, आणि मला चेहरे दिसत नसले तरी हसणं सगळं ऐकू येत होतं.

"आबा," मी म्हणालो, "आपलं काय चुकलं न्हाय. म्या म्हननार न्हाय."

मी लिहायला बसलो. मराठी टंकताना काही ऐकू येत नव्हतं, नुसत्या बोटांच्या सवयीवर लिहिलं आणि सविताकडून तपासून घेतलं. वर मराठीत. नमस्कार, मी अमक्या गावचा, माझे वडील मेंढरं राखतात, नव्या आवृत्तीत माझी भाषा मुकी झाली आहे. खाली तेच माझ्या इंग्रजीत, जशी येते तशी. सोबत संगणकाचा आवाज मुद्रित करून जोडला. त्यात त्यांची थट्टा स्वच्छ वाचली जाते आणि माझी ओळ आली की शांतता. आधीच्या पत्रातलं 'आदरणीय सर' काढून टाकलं. ते सर म्हणजे आबांचं मालकच होतं, मी शाळेतून शिकून आणलेलं. नमस्कार तसा नाही. नमस्कार दोन्ही बाजूंनी करायचा असतो. तो ठेवला.

संध्याकाळी गटाच्या चालकाचं उत्तर आलं. दोष नोंदवला आहे. दुरुस्ती कधी, ते सांगता येणार नाही. इथे फक्त इंग्रजी चालते, वरची ओळ काढली आहे.

मी उत्तर दिलं, "जी भाषा तुमचा प्रोग्रॅम वाचत नाही, ती ही भाषा आहे. ती काढली तर दोष दिसणार कुणाला?" आणि ओळ परत लावली. त्यांनी काढली. मी लावली.

मराठीचा आवाज अजून आलेला नाही. मी अजून दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. साहेबांना मी लेखी सांगितलंय, निवांत बसायला मी नोकरीला लागलो नाही, माझे अर्ज मला वाचून दाखवणारं माणूस द्या. त्याचंही उत्तर नाही. परदेशातल्या त्या गृहस्थांचा आणखी एक निरोप आला होता. सविताला तो मी वाचू दिला नाही.

रोज सकाळी कळंबची गाडी धरायच्या आधी गट उघडतो. आबा विचारतात, "ओळ हाय का काढली?"

"काढली, आबा."

मग मी परत लिहितो. नमस्कार राहील. गावाचं नाव राहील. मेंढरं राहतील. आणि चुकलं हा शब्द आमच्या घरातून आता कुणाच्याच ओसरीवर जाणार नाही.