सीपीयूवरचा हात

सासूबाई हिवाळ्यात गेल्या आणि सावनेरचं किराणा दुकान बंद करून सासरे आमच्याकडे, नागपुरात सक्करदऱ्याच्या फ्लॅटवर राहायला आले. मी त्यांना बाबा म्हणते. त्या दिवसांत बाबांचं बोलणं जवळजवळ थांबलंच होतं. चहा दिला की मान हलवायचे, जेवायला बोलावलं की येऊन बसायचे. हॉलमधल्या खिडकीजवळची खुर्ची त्यांनी धरली होती आणि दिवसभर तिथून खालचा रस्ता बघत राहायचे. नवरा म्हणायचा, "राहू दे, बोलतील हळूहळू." मीही राहू दिलं. त्यांना काय विचारावं, ते मला सुचतच नव्हतं.

मी ऑनलाइन मराठी शिकवते. बाहेरच्या राज्यांतून बदली होऊन आलेली बँकेतली माणसं संध्याकाळी कामावरून घरी आली की माझ्या वर्गाला बसतात. हॉलच्याच कोपऱ्यात माझा जुना कॉम्प्युटर आहे. हेडफोनने कान ठणकतात, म्हणून मी स्पीकर लावते.

उन्हाळा लागला, कूलर सुरू झाला आणि स्पीकर घरघरायला लागले. आधी आवाज बारीक होता, मग कोणी बोललं तरी आधी घरघरच ऐकू यायची. मी आवाज कमी करून पाहिला, वायरी एकमेकींपासून सोडवल्या, मोबाइलचा चार्जर लांब नेला. स्पीकरची पिन कॉम्प्युटरमधून काढली की सगळं शांत, लावली की पुन्हा तेच. कूलर बंद केला तर घरघर थोडी कमी व्हायची, पण नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून कोण शिकवणार आणि काय शिकवणार!

एका संध्याकाळी केरळची एक विद्यार्थिनी धडा वाचता वाचता थांबली. विदर्भातल्या एका गावी तिची नुकतीच बदली झाली होती. ती अगदी शब्द जुळवून म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरी गिरणी चालू आहे का?"

मी ओशाळून टेबलाखाली वाकले आणि वायरी हलवायला लागले. तेवढ्यात मागून आवाज आला.

"काहून घरघर करून राहिलं वं हे?"

बाबा उभे होते. कितीतरी दिवसांनी मी त्यांचं एक अख्खं वाक्य ऐकत होते. तेही बघायला वाकले आणि तोल सावरायला त्यांनी सीपीयूच्या पत्र्यावर हात टेकवला. घरघर एकदम थांबली. हात उचलला, पुन्हा सुरू. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

"परत ठेवा बरं, बाबा."

त्यांनी हात ठेवला. स्पीकर गप्प.

"तू शिकव बेटा," ते म्हणाले, "मी ठेवतो हात."

मी त्यांच्यासाठी स्टूल ओढलं आणि उरलेला तास ते सीपीयूवर हात ठेवून माझ्या शेजारी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या आधी पाहते तर अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून ते स्टुलावर हजर. मग तो नेमच झाला. आधी नुसते ऐकायचे. एकदा त्या केरळच्या बाईने विचारलं, "बँकेत लोक मला 'काहून' म्हणतात. पुस्तकात हा शब्द नाही. अर्थ काय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "काहून म्हणजे कायले!"

पलीकडे ती आणखीच गोंधळली. मला हसू आवरेना. मी 'का' असा अर्थ सांगितल्यावर तीही हसली आणि बाबाही हसले. त्यांचे वरचे दात दिसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते आमच्याकडे आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर एक दिवस वर्ग संपला, मी स्पीकर बंद केले, तरी बाबांचा हात पत्र्यावर तसाच.

"आमच्या रेडिओचं असंच होतं," ते म्हणाले. "मॅच लागली की खरखर करे. तुह्या सासूनं एरियल धरलं की साफ ऐकू ये. मी म्हणो, हलू नको, विकेट जाईल. ती म्हणे, मले पोळ्या टाकाच्या आहेत. तरी उभी राहे. पिठाच्या हातानं."

मी खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"ओव्हर संपेपर्यंत उभी राहे ती," ते म्हणाले. "मी तिले कधी बसाले खुर्ची नाही देल्ली."

मग ते रडले. डोळे पुसायला त्यांनी शर्टाची बाही धरली आणि मी त्यांचा दुसरा हात हातात घेऊन बसले. सून म्हणून इतक्या वर्षांत मी त्यांच्या पाया पडले होते, पण त्यांचा हात असा कधी धरला नव्हता.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी नवरा लवकर घरी आला, त्याने हा प्रकार पाहिला आणि तो घाबरलाच. "बाबा, करंट लागेल ना! काढा हात." पत्र्याने हाताला झिणझिण्या येतात का, असं त्याने विचारलं, तर बाबा म्हणाले, "थोड्या येते." दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन आला. आमच्या प्लगमधली अर्थिंगची वायर सुटलेली निघाली. त्याने ती बसवली, जुना एक्स्टेन्शन बोर्ड बदलला आणि कूलर पूर्ण वेगात असतानाही स्पीकर स्वच्छ बोलायला लागले.

त्या संध्याकाळी वर्ग सुरू झाला तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते. त्यांना हाक मारावी की नको, मला ठरवता येईना. पण केरळच्या बाईने विचारलंच, "बाबा कुठे आहेत?"

"बाबा, तुम्हाला विचारत आहेत," मी म्हटलं.

"आता मी कायले? दुरुस्त झालं ना ते."

"तुम्ही या तर खरं."

ते आले. हात कुठे ठेवावा ते न कळून त्यांनी तो मांडीवर ठेवला. मग तिच्याशी तिच्या केरळातल्या गावच्या पावसाबद्दल इतका वेळ बोलले, की त्या दिवशीचा धडा राहूनच गेला.

दिवाळीआधी ती बँकेच्या कामासाठी नागपूरला आली, तेव्हा केळ्याचे वेफर्स घेऊन घरी आली. दारातच म्हणाली, "बाबा, मले ओळखलं का?" मी स्वयंपाकघरात चहा ठेवला. हॉलमधून बाबांचा आवाज येत होता. ते तिला सासूबाईंचा फोटो दाखवत होते आणि ती विचारत होती, यांना गोड काय आवडायचं. बाबा सांगत होते. चहा उकळून झाला तरी मी तो लगेच नेला नाही.