स्टोअरच्या पडद्यावरची चिठ्ठी

जुनवानीच्या प्रफुल्लचा स्वभाव असा, की कोणाचं काम अडलेलं त्याला पाहवत नाही. त्या एका गुणापायी रुक्माताईंची नोकरी जायची वेळ आली होती.

सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तो कॉम्प्युटर सांभाळतो. हजेरी, गेटपास, स्टोअर, सगळ्यांच्या साइटी कारखान्यापुरत्याच. बाहेरच्या साइटींना मोठ्या संस्था खरेपणाचा दाखला देतात, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. या घरातल्या साइटींना बाहेर कोणी ओळखतच नाही, तर दाखला कोण देणार? म्हणून त्या उघडल्या की पडद्यावर लाल इशारा यायचा, इथं धोका आहे म्हणून.

"घाबरू नका, आपलीच साइट हाय. पुढे जा," प्रफुल्ल सांगे. स्टोअरच्या रुक्माताई तरी दर वेळी त्याला बोलवत. शेवटी त्यानं चिठ्ठीच लिहून त्यांच्या पडद्याच्या कडेला चिकटवली: लाल आलं तर पुढे जा. सात वर्षं सगळा कारखाना पुढे जात राहिला.

या उन्हाळ्यात कोण्या चोरानं स्टोअरसारखीच खोटी साइट बनवली आणि ताईंना मेल धाडला. लाल आलं. ताई पुढे गेल्या, पासवर्ड दिला. दोन दिवसांनी त्यांच्या नावाच्या मंजुरीवर तांब्याच्या तारेची सहा बंडलं गेटबाहेर गेली. कारखान्याचे साहेब शनिवारी ताईंना काढणार, हे ठरल्यासारखंच होतं.

प्रफुल्लच्या ताटातला भात निवून गेला. "कावून जेवून नाही राहिला?" त्याची आई, कलावतीबाई, म्हणाली. त्यानं सगळं सांगितलं.

"तिनं तुहं नाव घेतलं?"

"नाही ना. तेच तर."

"चिठ्ठी हाय अजून?"

"हाय. काढून टाकली तर कोणाले कळणार नाही."

"मले कळलं न आता," आई म्हणाली, आणि त्याच्या भातावर गरम वरण वाढलं.

शनिवारी चिठ्ठी साहेबांच्या टेबलावर होती. "सर, ये मेरी लिखावट है. सबको मैंने ही सिखाया."

साहेबांनी ती दोनदा वाचली. "तो ठीक कौन करेगा?"

"मैं."

ताई राहिल्या. प्रफुल्लची बढती तेवढी मागं राहिली.

मग त्यानं कारखान्याचा स्वतःचा मूळ दाखला तयार केला. घरातलं वडीलधारं माणूसच म्हणा. ते ज्या साइटीला 'ही आपली' म्हणेल, तीच खरी. नव्या साइटीला दाखला द्यायला लागणारी त्याची गुप्त चावी पेन ड्राइव्हवर घालून साहेबांच्या कपाटात गेली. त्रेचाळीस कॉम्प्युटरांपुढं बसून प्रफुल्लनं एकेकाला या वडीलधाऱ्याची ओळख करून दिली. शेवटचा ताईंचा. साइट उघडली, लाल नाही.

"लाल कुठं गेलं?" ताईंना चुकल्याचुकल्यासारखं झालं.

"आता येणार नाही. आलं तर थांबा अन् मले फोन करा."

"अन् तुमीच म्हणाले पुढे जा, तर?"

"तरी थांबा."

पंधरा दिवसांनी फोन आला. "भाऊ, लाल आलं. हात नाही लावला मी."

प्रफुल्लनं वजनकाट्याची नवी साइट जोडली होती आणि तिला वडीलधाऱ्याचा दाखला द्यायचं विसरला होता. दारात ट्रक हॉर्नवर हॉर्न देत होता. सवयीनं त्याच्या तोंडून निघालंच, "ताई, आपलीच हाय, दाबून…"

पलीकडे ताईंनी खुर्ची मागं सरकवल्याचं ऐकू आलं.

"थांबा," प्रफुल्ल म्हणाला, "येऊन राहिलो."