काठ्यांवरचा चहा
धुराचा वास लागलेला चहा प्यायला की फलटणजवळचा तो कालवा आठवतो. नव्वदच्या दशकात मी साताऱ्याला राज्यशास्त्र शिकत होते. ‘न्याय हाच राज्याचा पाया’ असं वहीत ठासून लिहिलं होतं. सुट्टीत मामाकडे गेले, तर कालव्यावर उसाच्या पाण्याच्या पाळीवरून दोन घरची माणसं काठ्या घेऊन समोरासमोर उभी. फौजेतून निवृत्त झालेल्या मामानं बांधावर तीन दगड मांडले. “चहा टाकतो, पण सरपण ओलं हाय. काठ्या द्या रं!” कुणीतरी हसलं आणि एकेक काठी चुलीत गेली. मी मात्र चिडले. “मामा, पण बरोबर कोण?” “ते चहा पिऊन बघू. फुटक्या डोक्याला न्याय कळतोय व्हय?” ‘न्याय हाच राज्याचा पाया’ हे वाक्य माझ्या वहीत अजून आहे. फक्त त्याच्या वर मी नंतर लिहिलंय, ‘आधी चहा.’