एका ओळीचे मिस्त्री

कुणाच्याही घरी गेले की मिस्त्री आधी दारातल्या चपला ओळीने लावत आणि मग घरच्यांना रामराम करत. लोकांना वाटे, काय हा नम्रपणा. नम्रपणा वगैरे काही नव्हता. वाकडं काही दिसलं की त्यांना बसवत नसे, एवढंच. भोरला आमच्या मोटार सर्व्हिसच्या शेडमध्ये त्यांचे पाने लहानापासून मोठ्यापर्यंत एका रांगेत मांडलेले असत आणि एखादा जरा तिरका झाला तर काम टाकून ते तो सरळ करत. सगळे त्यांना ओळमिस्त्री म्हणत. ते मूळचे भोंगवलीचे. शाळा दुसरीपर्यंत, पण इंजिनावर नुसता तळहात ठेवून आत काय बिघडलंय ते सांगत.

मी त्या सर्व्हिसवर ड्रायव्हर होतो. वडील संस्थानच्या कचेरीत कारकून. मुलाने मोटार हाकावी याचं त्यांना अतोनात दुःख. मिस्त्रींना मात्र त्याची गंमत वाटे. ते मला ‘भाऊसाहेब’ म्हणत आणि वयाने एवढे मोठे असून ‘तुमी’ म्हणत.

लढाई संपल्यावर मालकांनी लष्कराच्या लिलावातून दोन गाड्या आणल्या. एक डिझेलची, सहा सिलिंडर एका ओळीत उभे असलेली. दुसरी पेट्रोलची, आठ सिलिंडरची; पण त्यातले चार डावीकडे कललेले, चार उजवीकडे, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. मिस्त्रींनी पहिलीचं बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि खिशातली सुपारी काढून सगळ्यांना वाटली. दुसरीचं उघडलं आणि लगेच बंद केलं.

“ह्याला म्या हात लावणार न्हाई,” त्यांनी मालकांना सांगितलं. “भावांची वाटणी झालीया ही. चार हिकडं तोंड करून, चार तिकडं. कोण राबतंय आन् कोण बसून खातंय, कळायचं कसं?”

मालकांनी ती गाडी मला दिली आणि दुरुस्तीसाठी पुण्याहून दुसरा माणूस ठरवला. तो येई तेव्हा मिस्त्री शेडच्या मागे जाऊन विडी ओढत बसत.

आमचा वाद रोजचा. मी म्हणे, व्हीचं इंजिन आखूड, म्हणून मागे दोन माणसं जास्त बसतात. ते म्हणत, बसतात खरी, पण उतरून ढकलावंही त्यांनाच लागतं. मी म्हणे, हिला चढावर ताकद आहे. ते म्हणत, ताकद रेड्यालाही असते, म्हणून काही त्याच्यावर कुणी वऱ्हाड बसवून नेत नाही.

आणि वऱ्हाडाचीच वेळ त्यांच्यावर आली. त्यांची मुलगी सखू हिचं लग्न वैशाखात ठरलं, मार्गासनीला, मुलाकडच्या दारात, मुहूर्त गोरज. वऱ्हाड डिझेलच्या गाडीतून न्यायचं हे अर्थातच त्यांनी सोयरिकीच्याही आधी ठरवलं असावं. पण लग्नाच्या चार दिवस आधी त्यांना चौथ्या सिलिंडरचा आवाज जरा वेगळा वाटला. आम्हा कुणालाच तो वेगळा वाटला नव्हता. लेकीच्या लग्नाला गाडी निर्दोष हवी म्हणून त्यांनी इंजिन खोललं. पुण्याहून यायचा भाग आला नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी इंजिन शेडमध्ये पोत्यांवर पसरलेलं होतं, अर्थात ओळीने.

उरली माझी व्ही. मिस्त्री म्हणाले, माझी पोर त्या गाडीत बसणार नाही. त्यांच्या मंडळी शांतपणे म्हणाल्या की पोर बसेल, तुम्ही बैलगाडीने या. आणि खरोखरच पहाटे मिस्त्री नवा गुलाबी फेटा बांधून एकटेच बैलगाडीने निघाले.

आम्ही दुपार कलताना निघालो. ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. नसरापूर मागे टाकल्यावर पुढे रस्त्यात त्यांची बैलगाडी दिसली. मला राहवलं नाही. मी जोरात हॉर्न वाजवून पुढे काढली. त्यांनी मानही वळवली नाही. मागे वऱ्हाड खो खो हसलं.

पुढच्याच चढावर इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मी हँडल मारलं, पेट्रोलची नळी फुंकली, शिव्या दिल्या. पुरुष मंडळींनी ढकलली. चढावर ती मागेच सरकायला लागली. सूर्य डोंगराकडे निघालेला. सखू खिडकीशी हळदीच्या अंगाने बसली होती आणि तिच्या डोळ्यांकडे बघायची माझी छाती होईना. अशा वेळी खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज यायला लागला. इतक्या हळू येणारी गाडी मी जन्मात पाहिली नाही.

मिस्त्री उतरले. मला वाटलं, आता हे बोलणार. त्यांनी एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा सखूकडे, आणि बॉनेट उघडून थेट पेट्रोलच्या पंपावर बोट ठेवलं. ते चटकन मागे घेतलं. मग डोक्यावरचा नवा फेटा उतरवला, वऱ्हाडाच्या कळशीत बुचकळला आणि पंपाला गुंडाळला. लेकीच्या लग्नाला निघालेला बाप, भर रस्त्यात बोडक्या डोक्याने.

“पेट्रोल उकळून वाफ झालीया,” ते म्हणाले. “जरा निवू द्या.”

थोड्या वेळाने त्यांनी मला खूण केली. मी स्टार्टर दाबला आणि गाडी चालू झाली.

मी हळूच विचारलं, हात लावणार नव्हता ना, मग पंप कुठे आहे ते कसं ठाऊक?

“तुमी रोज दुपारी जेवाया जाता,” ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तवा म्या काय माश्या मारतो?”

ते परत बैलगाडीकडे निघाले, तेव्हा सखू दारात आली. “आबा, तुमी बसल्याबिगर म्या जात न्हाई,” म्हणाली. त्यांनी बैलांचा कासरा वऱ्हाडातल्या एकाच्या हाती दिला आणि येऊन माझ्या शेजारी अंग चोरून बसले. मार्गासनीपर्यंत एकच वाक्य बोलले: चढाला जोर आहे. मुहूर्ताला आम्ही पोहोचलो. फेटा त्यांनी पिळून पुन्हा बांधला होता, पण त्याला पेट्रोलचा असा वास मारत होता की भटजींनी वधूपित्याला समईपासून चार हात दूर उभं केलं.

त्यानंतर व्हीची देखभाल तेच करू लागले. पुण्याचा माणूस बंद झाला. अट एकच, हे मी कुणाला सांगायचं नाही. साऱ्या भोरला माहीत होतं.

पुढे सरकारी गाड्या आल्या, आमची सर्व्हिस बंद पडली. मला सरकारी गाडीवर नोकरी मिळाली. मिस्त्रींना वय विचारलं, दाखला विचारला आणि परत पाठवलं. ते भोंगवलीला शेतीवर गेले. मला वाईट वाटलं, पण त्यांना तसं सांगायला मी कधी गेलो नाही, याचं आता जास्त वाईट वाटतं.

आमची शेवटची भेट सारोळ्याला झाली. मी गाडी थांबवली तर चढणाऱ्यांत ते. पाठ वाकलेली, हातात पिशवी. माझ्या मागच्याच बाकावर बसले. भोरपर्यंत मी जिवाचा कान करून वाट पाहत होतो, की आता गिअर चुकला म्हणतील, आता क्लच म्हणतील. कापूरहोळ गेलं, तरी ते गप्प. म्हटलं, रागावलेत.

भोरला उतरताना ते माझ्या दाराशी येऊन उभे राहिले.

“बरी चालवता, भाऊसाहेब. इंजनाकडं माजं ध्यानच गेलं न्हाई,” म्हणाले आणि बाजाराच्या दिशेने चालू लागले.

मी बघत राहिलो. मागून कंडक्टरने दोनदा घंटी मारली, तेव्हा कुठे माझा हात गिअरवर गेला.