शेंगांच्या वखारीतलं गाणं

चार बायका एका सुरात गायला लागल्या की मी उठून जाते. सुना म्हणतात, म्हातारी तुसडी आहे. असू दे. त्यांनी बारामतीची ती वखार ऐकलेली नाही.

आमचा मळा कालव्याच्या पाण्यावर होता. वांगी, मिरच्या बाजारात जायच्या, घरात खायची ददात नव्हती. पण माझं लग्न ठरलं होतं, आणि एक लुगडं तरी स्वतःच्या कमाईचं न्यावं अशी मला खुमखुमी आली. आई नको नको म्हणत असताना मी स्टेशनाजवळच्या शेंगांच्या वखारीत जायला लागले.

तिथं आम्ही बायका भुईमुगाच्या शेंगा हातानं फोडायचो. अंगठ्याचं नख दुखून दुखून काळं पडायचं. दाणे पोत्यात भरून छोट्या आगगाडीनं दौंडला, तिथून मुंबईला आणि पुढं जहाजानं फ्रान्सला जात. तिकडं त्यांच्या तेलाचा साबण करतात, असं मुकादम ऐटीत सांगायचा. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या अंगाला साबण कधी लागला नव्हता, पण ते जाऊ दे.

त्या हिवाळ्यात तिकडच्या व्यापाऱ्यानं तक्रार केली की माल वजनात कमी भरतो. मुंबईवाल्यांनी आमच्या शेठला झापलं, शेठनं मुकादमाला झापलं, आणि मुकादमाला आमची तोंडं दिसली. बायका दाणे खातात, असं त्यानं ठरवून टाकलं. खायचोच आम्ही, खोटं कशाला बोलू? पण आमच्या चार दाण्यांनी जहाज हलकं होत नाही. त्यानं हुकूम काढला की काम करताना सगळ्यांनी गायचं.

"गात्या तोंडात दाना जात न्हाय," म्हणाला आणि स्वतःच हसला.

जिचा आवाज थांबेल तिनं तोंड उघडायचं, आणि तो गालाच्या आतून बोट फिरवायचा. त्या बोटाला विडीचा वास असायचा. अजून कधीकधी जेवताना तो वास येतो आणि मी ताट बाजूला सारते.

माझ्या शेजारी इंदापूरकडच्या कळसची एक बाई बसायची. तिचा नवरा मालधक्क्यावर हमाल होता. आम्ही तिला कळसवालीच म्हणायचो. तिचा गळा फार गोड होता, म्हणून ओवी तिनं सांगायची आणि आम्ही मागून म्हणायची. तिचं तान्हं पोर लांब, शेंगांच्या ढिगामागं, भिंतीच्या खुंटीला झोळीत असायचं. पत्र्याखाली एवढ्या बायका गायला लागल्या की शेजारणीचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे. म्हणून ती दोन ओव्यांच्या मध्ये जरा थांबायची आणि कान द्यायची. मुकादमाच्या ते ध्यानात आलं.

"थांबलीस का गं? आ कर."

तिनं आ केला. तोंडात काही नव्हतं. तरी तो रोज तपासायचा.

एक दिवस ती पोराला छातीशी घट्ट धरूनच आली. त्याचं अंग तापलं होतं आणि श्वास घेताना पोट उडत होतं. तिनं मुकादमाची विनवणी केली, "आबा, झोळी हितं माज्याजवळ बांधू द्या. लेकराला लई ताप हाय."

"हितं काय बारसं हाय व्हय? पायात येती ती. तितंच ऱ्हाऊ दे. आन् आज मधी थांबायचं न्हाय."

ती गायला बसली. मध्ये थांबली नाही. आम्हीही थांबलो नाही.

दुपारी सुट्टी झाली तशी ती पाजायला धावली. मी तिच्या मागोमाग गेले. तिनं झोळीत हात घातला आणि तशीच उभी राहिली. मी पोराच्या पायाला हात लावला. पाय अजून कोमट होता, पण पोट उडत नव्हतं. तो रडला असेल का, किती वेळ रडला असेल, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. इतकी वर्षं झाली, मला अजून माहीत नाही, आणि हा एकच प्रश्न मला रात्री उठवून बसवतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही गायलो नाही. कुणी ठरवलं म्हणाल तर कुणीच नाही. मुकादम ओरडला, एकेकीचं तोंड उघडायला लागला, तर आम्ही दात मिटून घेतले आणि हातही थांबवले. त्यानं शेठला बोलावून आणलं. स्टेशनावर मालगाडीचा डबा लागलेला होता आणि पोती भरलेली नव्हती. आमच्यातली सगळ्यात म्हातारी बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "लेकरं आमच्यापाशी ऱ्हातील. आन् गानं बंद."

शेठनं दारातूनच रिकाम्या पोत्यांकडं पाहिलं. मग "बरं, बरं" म्हणून निघून गेला.

आम्ही जिंकलो होतो. झोळ्या आमच्या डोक्यावर, वाशांना लागल्या. पोरं रडली की आया उठत, आणि मुकादम बाहेर बसून विड्या ओढत असे. वखारीत नुसता शेंगा फुटण्याचा आवाज. मला त्या शांततेचा फार अभिमान वाटायचा.

मग एका सकाळी, पोर गेल्यापासून घरीच असलेली कळसवाली पुन्हा कामावर आली. हमालीत दोघांचं भागत नव्हतं, न येऊन करते काय? आम्ही सरकून तिला तिची जागा दिली. तिनं खाली मान घालून शेंगा फोडायला सुरुवात केली. थोड्या वेळानं तिचे हात थांबले.

"गा की गं कुनीतरी," ती म्हणाली.

म्हातारी तिला समजावायला लागली, की आता गायचं न्हाय बाई, बंद केलंय आमी, तुज्यासाठीच बंद केलंय.

"गा म्हंते न्हवं! गप बसलं की त्यो रडतोय."

आणि तिनं स्वतःच ओवी धरली. आवाज फाटलेला होता, सूर लागत नव्हता. म्हातारीनं पहिल्यांदा साथ दिली, मग मी, मग सगळ्याच. मुकादम विडी टाकून दारात आला आणि खूश होऊन मान डोलवायला लागला. त्याच्याकडं कुणी पाहिलं नाही. आम्ही पत्रे दणाणतील एवढ्या मोठ्यानं गात राहिलो, तिला काही ऐकू येऊ नये म्हणून.