"दसरा होऊ द्या, डॉक्टर!"

हृदयाचा आणि रक्तवाहिन्यांचा डॉक्टर झालो तेव्हा वाटलं होतं, आता आयुष्य फार गंभीर जाणार. पण नाशकात दवाखाना टाकला आणि किस्से असे साचत गेले की बायको विचारते, "तुम्ही पेशंट तपासता की गप्पा मारता?" खरं सांगू? दोन्ही!

*

पेठकडच्या एका गृहस्थांना ईसीजीला बोलावलं होतं. टेबलावर भलताच तरुण माणूस!

"पेशंट कुठंय?"

"दादा भात लावतोय. मी सख्खा भाऊ. रक्त एकच ना!"

ईसीजी उत्तम निघाला. गडी खुशीत उठला, "दादाला सांगतो, तुला काय नाय झालं!" आमच्या मंगल सिस्टर त्याच्यामागे पार जीपपर्यंत धावल्या.

*

एका आजींच्या पायाच्या शिरा फुगल्या होत्या. घट्ट मोजे लिहून दिले. महिन्यानं आल्या, सूज तशीच.

"आजी, मोजे?"

"देवापुढं ठेवलेत. नवी वस्तू पाडव्यालाच काढायची!"

पाडवा लांब होता. मी कपाळाला हात लावला. मंगल सिस्टरांनी मात्र मोबाइलवर पंचांग उघडून गंभीरपणे सांगितलं, "आजी, आजचाच मुहूर्त लय चांगला आहे." संध्याकाळी मोजे पायात!

*

एका निवृत्त मास्तरांची मिसळ मी बंद केली होती. रविवारी गावाबाहेरच्या मिसळीच्या हॉटेलात शिरलो, तर समोरच मास्तर! दोघांचेही चेहरे पडले.

आधी मास्तर सावरले. "डॉक्टर, तर्री बेतानं घ्या. आपल्या वयाला बरी नाही."

*

आणि सायखेड्याचे किसनभाऊ. झेंडूवाले. हृदयाची मोठी नस जवळजवळ बंद. अँजिओप्लास्टी आजच करू म्हटलं, तर म्हणाले, "दसरा होऊ द्या, डॉक्टर. रान कळ्यांवर आलंय."

"भाऊ, दसऱ्यापर्यंत तुम्ही राहणार नाही!"

"मग झेंडू तर राहील!"

मी चिडलो, ओरडलो, हात जोडले. माणूस हलेना. त्यांच्या पत्नी, शांताबाई, कोपऱ्यात बसून सगळं ऐकत होत्या. त्या तशाच उठून गावाला गेल्या. भाऊंना मी कसंबसं रात्रभर दवाखान्यात ठेवून घेतलं, पण माझा जीव टांगणीला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत आल्या. साडीला चिखल, हात हिरवे.

"सगळा झेंडू कापला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "रान मोकळं हाय. आता कशापायी थांबायचं?"

किसनभाऊंनी बायकोचे हिरवे हात बघितले. मग मला म्हणाले, "चला."

नस उघडली. माणूस वाचला.

दसऱ्याला आम्ही दवाखान्यातल्या मशीनची पूजा करतो. त्या दिवशी किसनभाऊ जोडीनं आले. पिशवीत झेंडूचा भलामोठा हार.

"डॉक्टर, जन्मात पहिल्यांदा झेंडू इकत घेतला!"

मी मशीनकडे बोट दाखवलं, "घाला, भाऊ."

"थांबा वो. आधी हत्यार!"

त्यांनी पिशवीत हात घातला, बायकोचा विळा काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि हार त्याला घातला.

शांताबाईंनी हाराकडे निरखून बघितलं. "शिळा दिला तुम्हाला!"