फ्रीजमधल्या किल्ल्या

माझा धाकटा भाऊ या परक्या देशात पहाटे व्हॅनने पाव पोचवतो आणि दुपारी माझ्या स्वयंपाकघरात सिनेमा काढतो. माझ्याच, कारण त्याच्या खोलीत पलंग आणि कॅमेरा एका वेळी मावत नाहीत. दिग्दर्शक तो, नायकही तोच, आणि चहा करणारी मी. ठरलेली नटी ऐनवेळी फिरकली नाही, तेव्हा नायकाची बहीणही मीच झाले.

गोष्टही आमचीच. सिनेमाचं वेड लागलेला भाऊ परदेशात बहिणीकडे येतो आणि शेवटी ती त्याला परत जायला सांगते. आईने मला खरोखर तेच बजावलं होतं. "हा सिनेमा पुरा झाला नाही, तर त्याला विमानात बसव. उमेदीची वर्षं पाण्यात चाललीत." मी हो म्हटलं होतं, आणि त्यालाही ते ठाऊक होतं.

आणि नेमका तोच प्रसंग मला जमेना. वाक्यं तोंडपाठ, पण चेहरा लाकडाचा.

"ताई, जरा रागाव की."

"उगाच कशी रागावू? तू काही केलंयस का?"

आवाजात घरघर येते म्हणून शूटिंगला तो फ्रीज बंद करायचा, आणि परत लावायचं विसरू नये म्हणून व्हॅनच्या किल्ल्या फ्रीजमध्येच ठेवायचा. किल्ल्यांशिवाय जाणार कुठे? डोकं आहे हो, नाही असं नाही. पण त्या शनिवारी व्हॅन गॅरेजात होती. साहेब चालत आले, एकट्याचे शॉट घेऊन चालत गेले. मी नणंदेकडे मुक्कामाला.

रविवारी तो कॅमेरा लावून उजेड बघत होता आणि मी फ्रीज उघडला. आठवड्याचं रांधलेलं सगळं आंबलेलं, फरशीवर तळं. माझं डोकंच फिरलं.

"जा, जा परत! आई तिकडे डोळ्यांत प्राण आणून बसलीय आणि तू माझ्या घराचा उकिरडा कर!" तोंडाचा पट्टा सुटला तो थांबेचना. मग एकदम रडूच फुटलं. "आणि तू गेल्यावर मी इथे कुणाच्या तोंडाकडे बघायचं रे?"

तो मान खाली घालून उभा. हळूच म्हणाला, "ताई, कॅमेरा चालू होता. वापरू का? नको म्हणालीस तर आत्ता पुसून टाकतो."

"आधी फरशी पूस."

त्याने फरशी पुसली. माझ्या अगदी जिवावर आलं होतं, तरी मी हो म्हटलं.

सिनेमा पुरा झाला. महोत्सवांकडून अजून काही कळलेलं नाही. लायब्ररीच्या हॉलमध्ये दाखवला, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाईंना आमच्या भाषेतलं ओ की ठो कळत नसूनही त्या डोळे पुसत होत्या. आईला फोनवर पाठवला. सिनेमा तिथेच संपतो, भाऊ मान खाली घालून उभा.

आईचा फोन आला तेव्हा तो माझ्यासमोर नखं खात बसला होता. आई म्हणाली, "मग? पाठवलं का तिने त्याला?"

"कुणी?"

"अगं, त्या बहिणीने."

मी त्याच्याकडे बघितलं. "नाही पाठवलं."

"बरं केलं," आई म्हणाली. "एवढा जीव तोडून करतोय, तर करू दे त्याला."